पहिली दोन वर्षे आणि विषयांची निवड

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात विषयांसाठी ठेवलेली जागा दोन-तीन ओळींहून अधिक नसते. वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, जात, पत्ता यांना तिच्यापेक्षा जास्त जागा मिळते. तथापि विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यावर ज्या नोंदीचा परिणाम सर्वांत दीर्घकाळ होत राहतो, ती हीच नोंद होय. आणि बहुधा हीच नोंद सर्वांत घाईने केली जाते. बारावीचा निकाल लागल्यानंतर प्रवेशाची मुदत संपेपर्यंत जे थोडे आठवडे हाती असतात, त्यांतील बरेचसे गुणपत्रिका, दाखले आणि शुल्क यांच्या खटपटीत जातात. विषयांचा विचार शेवटी, रांगेत उभे असताना होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी म्हैसूर हे शहर विशेष सोयीचे आहे. तेथे शंभर वर्षांहून जुने विद्यापीठ आहे, त्याची स्वतःची जुनी महाविद्यालये आहेत, आणि निरनिराळ्या विद्याशाखांच्या अनेक केंद्रीय संस्था त्याच शहरात आहेत. शिवाय विद्यार्थ्याने विषय केव्हा निवडावेत, किती निवडावेत आणि निवड चुकल्यास ती बदलता यावी काय, या प्रश्नांना या विद्यापीठाने आपल्या इतिहासात एकामागून एक वेगवेगळी उत्तरे देऊन पाहिली आहेत.

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना २७ जुलै १९१६ रोजी झाली. संस्थानिकाच्या राज्यात उभे राहिलेले हे हिंदुस्थानातील पहिले विद्यापीठ. त्या वेळी गादीवर नालवडी कृष्णराज वडियार होते आणि दिवाणपदी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. विश्वेश्वरय्यांनी बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केल्यानंतर पुण्यास येऊन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व मुंबई इलाख्यात दीर्घकाळ नोकरी केली, हे महाराष्ट्रातील वाचकांस ठाऊक असेलच. विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी म्हैसूरचे महाराजा कॉलेज आणि बंगलोरचे सेंट्रल कॉलेज ही दोन्ही मद्रास विद्यापीठास संलग्न होती. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारली गेली होती. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी, आणि शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी पाहावे, अशी ती व्यवस्था होती. ज्या व्यवस्थेचा कणा परीक्षा असतो, तिच्यात विद्यार्थी विषय निवडतो असे म्हणण्यापेक्षा तो प्रश्नपत्रिकांचा एक संच निवडतो असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. हा ठसा आपल्या महाविद्यालयांवरून अद्याप पुसला गेलेला नाही.

नव्या विद्यापीठाने प्रारंभी एक वेगळी वाट धरली. प्रवेशपरीक्षेनंतर तीन वर्षांचा सलग पदवी-अभ्यासक्रम तेथे सुरू झाला. इंग्रजी कादंबरीकार आर. के. नारायण हे याच व्यवस्थेतील विद्यार्थी. ते प्रवेशपरीक्षेत एकदा अनुत्तीर्ण झाले, १९२६ मध्ये उत्तीर्ण झाले, आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत संपवून १९३० मध्ये बी.ए. झाले. पुढे म्हैसूरनेही इतर विद्यापीठांप्रमाणे दोन वर्षांचा इंटरमीजिएट अभ्यासक्रम स्वीकारला, आणि १९२८ मध्ये त्यासाठी युवराज कॉलेज स्वतंत्रपणे सुरू झाले. महाराजा कॉलेजात पदवीचे वर्ग राहिले. तेथील एका सभागृहास आजही ‘ज्युनियर बी.ए. हॉल’ म्हणतात. वर्ग गेले तरी नाव राहिले.

इंटरच्या त्या दोन वर्षांचे वैशिष्ट्य नीट लक्षात घेतले पाहिजे. विद्यार्थी कला किंवा विज्ञान यांपैकी एक बाजू पत्करत असे हे खरे, पण पदवीचा मुख्य विषय त्याला त्यानंतर निवडायचा असे. म्हणजे महाविद्यालयाच्या वातावरणात दोन वर्षे काढून, चार-पाच विषयांचे अध्यापक ऐकून, मग तो निर्णय घेत असे. मुंबई इलाख्यातही इंटर आर्ट्‌स आणि इंटर सायन्स यांचे कार्य हेच होते. इंटर ही पायरी पुढे बदनाम झाली, कारण अनुत्तीर्णांची संख्या तेथे मोठी असे. परंतु तिच्याबरोबर एक चांगली गोष्टही गेली, तिची फारशी दखल कोणी घेतली नाही.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) आणि नंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणाच्या टप्प्यांची फेरमांडणी सुचविली. इंटर गेले. प्रथम एक वर्षाचा प्री-युनिव्हर्सिटी वर्ग आला, आणि कालांतराने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध देशभर रूढ झाला. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये आणि पहिली बारावीची परीक्षा १९७७ मध्ये झाली. कर्नाटकात अकरावी-बारावीस आजही ‘पीयूसी’ म्हणतात. या बदलाचा एक परिणाम असा झाला की, जी निवड पूर्वी महाविद्यालयात दोन वर्षे काढल्यावर होत असे, ती आता दहावीनंतर, पंधरा-सोळाव्या वर्षी, होऊ लागली. महाविद्यालयातील पहिली दोन वर्षे ही त्या निवडीची पूर्वतयारी न राहता तिची अंमलबजावणी झाली.

संचांची व्यवस्था

कर्नाटकातील विद्यार्थी विषयांविषयी बोलताना ‘कॉम्बिनेशन’ हा शब्द वापरतात. पीयूसीच्या वर्गात पदार्थविज्ञान, रसायन, गणित व जीवशास्त्र यांचा एक संच. त्यात जीवशास्त्राऐवजी संगणकशास्त्र आले की दुसरा. वाणिज्य शाखेचे तसेच काही, आणि कला शाखेत इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांचा. इंग्रजी आद्याक्षरे जोडून या संचांची नावे बनतात आणि घरोघर ती नावे अशी बोलली जातात की जणू त्या निसर्गानेच केलेल्या जाती आहेत. पदवीसाठीही दीर्घकाळ हीच रीत होती : दोन भाषा आणि त्यांच्या जोडीला समान महत्त्वाचे तीन ऐच्छिक विषय. इतिहास-अर्थशास्त्र-राज्यशास्त्र किंवा रसायन-वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र ही त्रिकुटे सर्वपरिचित आहेत.

हे संच कसे ठरतात? विद्याशाखांच्या परस्परसंबंधांतून ते निर्माण झाले असावेत, असा पालकांचा समज असतो. काही संच खरोखर तसे असतात. पदार्थविज्ञानास गणिताची जोड अपरिहार्य आहे. पण पुष्कळ संचांचे मूळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकात असते. कोणत्या विषयाचे किती अध्यापक आहेत, त्यांचा कार्यभार पुरा होतो की नाही, प्रयोगशाळा दुपारी मोकळी असते की सकाळी, यांवरून कोणता विषय कोणाच्या शेजारी बसणार हे ठरते. मानसशास्त्राबरोबर गणित घेता येत नाही, याचे कारण त्या दोन शास्त्रांत शोधण्यात अर्थ नाही. बहुधा दोन्हींचे तास एकाच वेळी असतात एवढेच त्याचे कारण असते. विद्यार्थ्याने हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण वेळापत्रकाची अडचण ही कधीकधी विचारणा केल्यास दूर होते. शास्त्राची अडचण विचारणा करून दूर होत नाही.

येथे विषयांमधील एका मूलभूत भेदाकडे वळले पाहिजे. काही विषय पायऱ्यांसारखे असतात. त्यांत खालची पायरी चढल्यावाचून वरची गाठता येत नाही. गणित हा त्यांतील प्रमुख. बारावीस गणित सोडलेल्या विद्यार्थ्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षी ते पुन्हा धरणे जवळजवळ अशक्य होते. आणि त्याबरोबर पदार्थविज्ञान, संख्याशास्त्र, अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा आणि अर्थशास्त्राचा वरचा अर्धा भाग ही दालनेही बंद होतात. अर्थशास्त्राच्या बाबतीत ही फसगत विशेष होते. कला शाखेच्या त्रिकुटात तो विषय वर्णनात्मक स्वरूपात भेटतो, विद्यार्थ्यास त्याची गोडी लागते, आणि एम.ए.ला गेल्यावर तो पाहतो की पुढचे अर्थशास्त्र कलन, बैजिक समीकरणे आणि संख्याशास्त्र यांच्या भाषेत लिहिलेले आहे. त्या वेळी त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढीच त्याची तक्रार असते, आणि ती रास्त असते.

भाषाही पायऱ्यांच्याच विषय आहेत. संस्कृत किंवा जर्मन यांचा आरंभ विशीच्या आत केला तर बरे. उलट इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, साहित्य हे विषय विस्तीर्ण मैदानासारखे आहेत. त्यांत अनेक बाजूंनी प्रवेश करता येतो, आणि उशिरा आलेला मनुष्यही पुढे जाऊ शकतो. याचा अर्थ ते सोपे आहेत असा नव्हे. मैदानात वाट चुकण्याची शक्यता अधिक असते. तिसरा वर्ग प्रयोगशाळेच्या विषयांचा. पुस्तक घरी वाचता येते, पण सूक्ष्मदर्शक, मोजनळी आणि विच्छेदनाची पेटी घरी नसते. म्हणून जो विषय केवळ महाविद्यालयातच शिकता येतो, त्याला पहिल्या दोन वर्षांत प्राधान्य देण्यात शहाणपण आहे. पुष्कळ पालक नेमके याच्या उलट करतात. ‘घरी करता येईल’ असे म्हणून गणित सोडायला लावतात आणि जे खरोखर घरी वाचता आले असते त्यासाठी तीन वर्षांची हजेरी भरवितात.

दुसऱ्या मार्गाने आलेले

एखाद्या क्षेत्रात पुढे मोठे काम केलेल्या व्यक्तीने महाविद्यालयात तोच विषय घेतला असेल, असे आपण गृहीत धरतो. म्हैसूरचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचे उदाहरण या समजाला छेद देणारे आहे. श्रीनिवासांचा जन्म म्हैसूरचा, १९१६ चा. म्हणजे विद्यापीठ आणि ते एकाच वर्षाचे. महाराजा कॉलेजात त्यांनी ‘सामाजिक तत्त्वज्ञान’ या विषयाचा ऑनर्स अभ्यासक्रम घेतला आणि १९३६ मध्ये पदवी मिळविली. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ए. आर. वाडिया यांच्या विभागातील हा अभ्यासक्रम मोठा विलक्षण होता. नीतिशास्त्र, राजकीय विचार, समाजशास्त्र आणि सामाजिक मानवशास्त्र या सर्वांचा त्यात अंतर्भाव होता. एका विषयाची सखोल तयारी त्यातून होत नव्हती, अशी टीका त्यावर सहज करता येईल. परंतु मानवशास्त्र नावाचे काही शास्त्र आहे, आणि आपल्याभोवतीच्या जाती, सण, विवाह यांचा अभ्यास त्यात होतो, हे एका विशीतल्या तरुणास कळले ते या अभ्यासक्रमामुळेच.

पदवीनंतर श्रीनिवास मुंबईस गेले आणि विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकू लागले. घुर्ये मालवणचे, त्यांचा स्वतःचा पहिला विषय संस्कृत होता, आणि समाजशास्त्राकडे ते नंतर, केंब्रिजच्या मार्गाने आले. त्याच विभागात काही वर्षे आधी इरावती कर्वे शिकून गेल्या होत्या. कर्वे यांची १९२६ ची पदवी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजची, आणि विषय तत्त्वज्ञान. भारतीय समाजशास्त्राची पायाभरणी करणाऱ्या या तिघांपैकी एकानेही पदवीला निव्वळ समाजशास्त्र घेतलेले नव्हते, कारण घेण्यासारखे ते कोठे फारसे उपलब्धच नव्हते. श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला गेले, १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून त्यांनी क्षेत्रकार्य केले, आणि ‘संस्कृतीकरण’ व ‘प्रभावी जात’ या संकल्पना त्यांच्या लेखनातून जगभर गेल्या. त्या खेड्यास त्यांनी ‘रामपुरा’ असे नाव दिले आहे.

निवडीला पूर्ण मोकळीक दिल्यास काय होते, याचा प्रयोग अमेरिकेत फार पूर्वी झाला. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत सक्तीचे विषय हळूहळू काढून टाकले. एकोणिसावे शतक संपता संपता प्रथम वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज तेथे सक्तीचे जवळजवळ काही उरले नव्हते. उत्साही विद्यार्थ्यांना ही पर्वणी वाटली. बाकीच्यांनी प्राथमिक स्वरूपाचे, सकाळी उशिरा सुरू होणारे आणि उदार परीक्षकांचे अभ्यासक्रम गोळा केले. १९०९ मध्ये एलियट यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी म्हणून मधली वाट काढली : एका विषयात काही अभ्यासक्रम सलगपणे करावेत, आणि उरलेले निरनिराळ्या शाखांत विखरून घ्यावेत. आज जगभर ‘मुख्य विषय’ आणि ‘मुक्त ऐच्छिक विषय’ अशी जी भाषा चालते, तिचा एक उगम येथे आहे.

लॉवेल यांच्याच काळात एक गोमंतकीय तरुण हार्वर्डमध्ये शिकत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना गणितज्ञ बर्कहॉफ यांनी गणितावर लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी तो मानला नाही. त्यांनी भाषांचे आणि इतर विषयांचे अभ्यासक्रमही घेतले, आणि १९२९ मध्ये उच्च श्रेणीत पदवी मिळविली. गणित हाच त्यांचा व्यवसाय झाला. परंतु प्राचीन नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावणे, भर्तृहरीच्या हस्तलिखितांची छाननी करणे आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी दिशा सुचविणारा ग्रंथ लिहिणे ही कामे केवळ गणितावर झाली नसती. असे असले तरी कोसंबींचा दाखला सरसकट लागू करू नये. ते सर्वच अभ्यासक्रमांत पहिल्या रांगेत राहू शकत होते. ज्याला एका विषयात उत्तीर्ण होण्यासाठी रात्री जागाव्या लागतात, त्याने विषयांचा पसारा वाढविताना आपली शक्ती मोजली पाहिजे. बर्कहॉफ यांचा सल्ला बहुतेकांसाठी योग्यच ठरला असता.

याहून निराळी हकीकत आर. के. नारायण यांचे धाकटे बंधू, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण, यांची आहे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. तेव्हा त्यांनी म्हैसूर विद्यापीठातून सर्वसाधारण बी.ए. केले आणि त्याच काळात नियतकालिकांसाठी चित्रे काढीत राहिले. ज्या शहरातील संस्थेने त्यांना प्रवेश नाकारला, त्याच शहरात त्यांचे पुढील आयुष्यभराचे काम झाले. पदवीचा विषय आणि जीवनाचे कार्य हे समांतर चालू शकतात, हे यावरून दिसते. मात्र त्यासाठी पदवीच्या अभ्यासाने दिवसाचे काही तास मोकळे सोडलेले असावे लागतात.

निवड कोणाची, हा प्रश्न या सर्वांच्या मागे उभा आहे. मुंबईत शिकत असताना भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते त्यांना शिकू दिले गेले नाही, आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने केला. आज कोणत्याही अर्जात असा प्रतिबंध लिहिलेला नसतो. तथापि न लिहिलेले प्रतिबंध पुष्कळ असतात. म्हैसूरच्या आसपासच्या खेड्यांतून रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलीसाठी दुपारी उशिरापर्यंत चालणारे प्रात्यक्षिक आणि गावाकडे जाणारी शेवटची सोयीची गाडी यांचा मेळ बसत नसेल, तर तिच्या घरी ‘विज्ञान नको’ असा निर्णय होतो. अर्जावर मात्र तिने इतिहास ‘निवडला’ अशी नोंद राहते.

माध्यमाचा अडसर याहूनही मोठा आहे. शाळेत सर्व विषय कन्नडमधून शिकलेला विद्यार्थी विज्ञानाच्या वर्गात बसतो तेव्हा एकाएकी सर्व व्यवहार इंग्रजीत सुरू होतो. पहिल्या सहामाहीत त्याला कमी गुण पडतात. हे गुण रसायनातील अज्ञानाचे आहेत की इंग्रजीतील, हे उत्तरपत्रिका सांगत नाही; आणि विद्यार्थी स्वतःच असा निष्कर्ष काढतो की हा विषय आपला नव्हे. कवी कुवेंपु १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. उच्च शिक्षण कन्नडमधून मिळाले पाहिजे या मताचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला, त्यामागे ही जाणीव होती. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचा अनुभव वेगळा नाही. अशा विद्यार्थ्याने विषय बदलण्याचा निर्णय निदान एक पूर्ण वर्ष तरी लांबणीवर टाकावा.

अलीकडचे फेरफार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले, आणि कर्नाटकाने २०२१–२२ पासून पदवी-वर्गांत त्याची अंमलबजावणी सुरू केली. असे करणाऱ्या राज्यांत ते अग्रभागी होते. तीन विषयांच्या जागी दोन विषय आले. पहिली दोन वर्षे हे दोन्ही विषय समान वजनाने शिकावयाचे, आणि तिसऱ्या वर्षी त्यांतील एक मुख्य व दुसरा गौण ठरवावयाचा किंवा दोन्ही मुख्य ठेवावयाचे, अशी रचना होती. जोडीला दोन भाषा, दुसऱ्या शाखेतील एखादा मुक्त विषय, भारतीय संविधान, संगणक-साक्षरता यांसारखे छोटे अभ्यासक्रम. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स, असे बाहेर पडण्याचे टप्पेही ठेवण्यात आले.

या रचनेचा गुण उघड होता. इंटरबरोबर गेलेली दोन वर्षांची मुदत तिने काही अंशी परत आणली. मात्र दोन वर्षांनंतर मिळणारी पदविका नोकरीच्या बाजारात कितपत चालते, आणि गरीब घरातील मुले ‘टप्पा’ म्हणून बाहेर पडून पुन्हा परततात काय, या शंका आरंभापासून घेतल्या जात होत्या. राज्यात सत्तांतर झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, महाराष्ट्राचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात, हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर, मे २०२४ मध्ये, शासनाने चार वर्षांची रचना मागे घेतली आणि त्या वर्षीच्या प्रवेशांपासून तीन वर्षांची पदवी पुन्हा लागू केली. मधल्या तीन तुकड्यांतील विद्यार्थी मात्र जुन्याच, म्हणजे ‘नव्या’, नियमांखाली राहिले. एकाच महाविद्यालयात एका वर्षाच्या अंतराने शिकणाऱ्या दोन भावंडांचे नियम त्यामुळे वेगळे झाले. धोरणाच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणतेही मत असो, तीन वर्षांत दोनदा पाया बदलणे विद्यार्थ्यांच्या हिताचे नव्हते, हे मान्य करावे लागेल.

या सर्व आराखड्यांत ‘श्रेयांक’ हे मोजमाप सामायिक आहे, आणि ते समजून घेतल्यास विषयांचा खरा भार कळतो. आठवड्यास एक तास व्याख्यान सत्रभर चालले की साधारणतः एक श्रेयांक होतो. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी मात्र दोन तास द्यावे लागतात. चार श्रेयांकांचे व्याख्यान आणि दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक असलेला विज्ञानाचा एक विषय कागदावर सहा श्रेयांकांचा दिसतो, पण आठवड्याचे आठ तास घेतो. असे दोन विषय, त्यांवर दोन भाषा व एक मुक्त विषय धरला, म्हणजे केवळ वर्गात बसण्याचे तास पंचवीसच्या आसपास जातात. माहितीपुस्तिकेत श्रेयांक छापलेले असतात. तास विद्यार्थ्याने स्वतः मोजावे लागतात.

मुक्त विषयाची निवड सर्वांत निष्काळजीपणे होते. मित्राने घेतला म्हणून, किंवा त्यात गुण चांगले मिळतात म्हणून तो घेतला जातो. वस्तुतः पुढच्या विषयाची चाचपणी करण्याचे हेच स्वस्त साधन आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक सत्र मानसशास्त्र ऐकले आणि ते आवडले नाही, तर तोटा तीन महिन्यांचा. आवडले, तर पुढचे दार उघडे आहे हे वेळेवर कळते.

म्हैसूरच्या विद्यार्थ्यास या बाबतीत एक लाभ आहे, आणि तो त्याचा फारसा उपयोग करीत नाही. केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था तेथे १९५० पासून आहे. प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय १९६३ मध्ये, अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये आणि भारतीय भाषांची केंद्रीय संस्था १९६९ मध्ये सुरू झाली. या चार संस्थांकडे जाणाऱ्या वाटा चार प्रकारच्या आहेत. शिक्षण महाविद्यालयात बारावीनंतर विषयाचे शिक्षण आणि अध्यापनाचे प्रशिक्षण एकत्र मिळते; ज्याला शिक्षकच व्हावयाचे आहे त्याचे एक वर्ष वाचते, ज्याचा निश्चय झालेला नाही तो मात्र अडकतो. वाक् व श्रवण यांच्या अभ्यासक्रमालाही बारावीनंतरच, आणि विज्ञान घेऊनच, जावे लागते. अन्नतंत्राकडे रसायनाच्या पदवीवरून जाता येते. भाषाविज्ञान हा विषय पदवी-वर्गांत सहसा नसतोच. भाषेच्या, तत्त्वज्ञानाच्या, क्वचित गणिताच्या विद्यार्थ्यास त्याचा शोध स्वतः घ्यावा लागतो. या संस्थांसमोरून रोज बसने जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना आत काय शिकवितात हे ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाची रचना २०२४–२५ मध्ये लागू झाली. म्हणजे ज्या वर्षी कर्नाटक ती सोडून मागे फिरले, त्याच वर्षी. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यास याचा प्रत्यक्ष संबंध येतो. बेळगावचा विद्यार्थी गावातच, राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयात, प्रवेश घेऊ शकतो किंवा कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाकडे जाऊ शकतो. एकीकडे तीन वर्षांची पदवी, दुसरीकडे तीन किंवा चार वर्षांचे पर्याय. मुख्य विषय केव्हा ठरवावयाचा याचे नियम वेगळे, भाषांचे नियम वेगळे. दुसऱ्या वर्षानंतर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावयाचे झाल्यास मिळविलेले श्रेयांक राष्ट्रीय पेढीत जमा असतात खरे, पण कोणता अभ्यासक्रम कशाच्या बरोबरीचा धरावयाचा, हे ज्या विद्यापीठात जावयाचे तेच ठरविते. म्हणून अशा विद्यार्थ्याने प्रवेश घेतानाच दोन्ही विद्यापीठांचे त्या वर्षीचे नियम मागवून घ्यावेत, आणि प्रत्येक सत्राचा मंजूर अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी आपल्याजवळ जपून ठेवावा.